रक्ताच्या गुठळ्या आणि हार्टवर रिसर्च करायचाय? गोव्यातून सुरुवात कशी करायची ते सांगते

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची, फार्मसीची, एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची बरीच मुलं विचारतात की हार्ट अटॅक, स्ट्रोक, रक्त गोठणं ह्या विषयात रिसर्च करायचा असेल तर नेमकं काय शिकायचं, कुठे जायचं, आणि गोव्यात राहून ह्यातलं काही जमतं का की पहिल्याच दिवशी बॅग भरून मुंबई-बंगळूर गाठायचं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. माझं मत आधीच सांगते, ह्या फील्डमध्ये माणूस घडतो तो रक्ताची नळी नीट हाताळायला शिकल्यावर, आणि ते शिकायची सोय बांबोळी, म्हापसा, मडगाव इथे आहे. मोठ्या इन्स्टिट्यूटचं नाव मागाहून जोडता येतं.

आधी विषय काय आहे तो थोडक्यात बघू. कोयत्याने बोट कापलं की रक्त थांबतं, कारण दोन गोष्टी एकदम सुरू होतात. प्लेटलेट्स फाटलेल्या जागी चिकटतात, आणि प्लाझ्मातली (पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताच्या पिवळसर पाण्यातली) प्रोटीन्स एकामागून एक जागी होत शेवटी फायब्रिनचे धागे तयार करतात, आणि रापणीत मासे अडकावेत तशा लाल पेशी त्या धाग्यांत अडकतात. प्लेटलेट म्हणजे दोन-तीन मायक्रॉनचा तुकडा, आयुष्य सात ते दहा दिवसांचं, आणि एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड लाख ते साडेचार लाख असतात. आता हीच सगळी यंत्रणा हृदयाच्या धमनीत चरबीचा थर फुटला की तिथेही तितक्याच इमानदारीने चालू होते आणि धमनी बंद पडते, त्याला आपण हार्ट अटॅक म्हणतो. पायाच्या शिरेत झाली तर डीव्हीटी, तिथून तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर पल्मनरी एम्बोलिझम. धमनीतल्या गुठळीत प्लेटलेट्स जास्त, शिरेतल्या गुठळीत फायब्रिन आणि लाल पेशी जास्त, म्हणूनच अटॅकनंतर ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल देतात आणि डीव्हीटीला हेपरिन किंवा वॉरफेरिनच्या जातीची औषधं. रक्तस्राव थांबवणारी आणि अटॅक आणणारी यंत्रणा एकच आहे ह्यातच ह्या फील्डची सगळी अडचण आहे, गुठळी अडवायला गेलात की रक्तस्राव वाढतो, आणि गेली शंभर वर्षं लोक ह्याच दोरीवर चालतायत.

शिक्षणाचा रस्ता

दोन मोठे रस्ते आहेत. एक नीट देऊन एमबीबीएस, मग एमडी पॅथॉलॉजी किंवा मेडिसिन किंवा ट्रान्सफ्युजन मेडिसिन, आणि पुढे वाटलं तर डीएम क्लिनिकल हिमॅटॉलॉजी नाहीतर कार्डिओलॉजी. ह्यात पेशंट तुमच्या हातात असतो, पण रिसर्चला वेळ चोरून काढावा लागतो. दुसरा रस्ता बीएस्सी किंवा बीफार्म किंवा बीटेक, मग एमएस्सी, मग पीएचडी. ह्यात वेळ सगळा रिसर्चचा, पण पेशंटच्या सॅम्पलसाठी कुणातरी डॉक्टरशी चांगलं जमवून घ्यावं लागतं. कुठला रस्ता श्रेष्ठ ह्यावर घरी वाद घालू नका, चांगल्या टीममध्ये दोन्ही प्रकारची माणसं लागतातच. आणि इंजिनिअरिंगवाल्यांनी स्वतःला बाहेरचे समजू नये, अरुंद झालेल्या धमनीत रक्ताचा वेग वाढला की प्लेटलेट्स कशा वागतात हा अर्धा प्रश्न फ्लुइड मेकॅनिक्सचा आहे, मायक्रोफ्लुइडिक चिपवर रक्त सोडून तो अभ्यासतात, झुआरीनगरच्या बिट्समधला किंवा फर्मागुढीच्या आयआयटीतला मुलगा ह्यात थेट उतरू शकतो.

गोव्यात काय काय आहे तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, ज्याची मुळं १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीज मेडिकल स्कूलमध्ये आहेत, ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ आणि तिथला बायोटेक विभाग, बिट्स, पणजीचं फार्मसी कॉलेज, आणि दोना पावलाचं एनआयओ, म्हणजे समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था. एनआयओ ऐकून मुलं म्हणतात समुद्राचं आणि रक्त गोठण्याचं काय नातं. आहे ना. हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री प्राण्याचं निळं रक्त बॅक्टेरियाच्या विषाचा अंश जरी लागला तरी गोठतं, हे फ्रेडरिक बँग ह्यांनी १९५६ मध्ये दाखवलं, आणि पुढे त्याच्यावरूनच इंजेक्शनं शुद्ध आहेत की नाही हे तपासायची टेस्ट निघाली. एनआयओत ह्या प्राण्यावर बरंच काम झालेलं आहे, ओडिशाच्या किनाऱ्यावर तो सापडतो.

पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेटमधून मिळणारी जेआरएफ ही फेलोशिप, नाहीतर केंद्राच्या बायोटेक खात्याची (डीबीटी) बेट परीक्षा, नाहीतर गेट, ह्यातलं एक तरी हवंच असं धरून चाला. नेट वर्षातून दोनदा असते. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार, वर घरभाडं. एमबीबीएसवाल्यांसाठी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट, कॉलेजमधल्याच गाईडबरोबर. बीएस्सी-एमएस्सीवाल्यांसाठी तिन्ही सायन्स अकादम्यांची मिळून समर फेलोशिप आहे, तीसुद्धा दोन महिन्यांची, फॉर्म उन्हाळ्याच्या खूप आधी निघतात म्हणून दिवाळीपासूनच लक्ष ठेवा. परीक्षांबद्दल ह्याहून जास्त लिहीत नाही, त्याची माहिती सगळीकडे मिळते.

हात कसा बसवायचा

हे कुणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा जवळच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये परवानगी काढून महिनाभर नुसतं बघा, म्हापशात पेडेच्या जिल्हा हॉस्पिटलात, मडगावला, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (जीएमसीत), किंवा एखाद्या चांगल्या खाजगी लॅबमध्ये. बघायचं काय, तर फिकट निळ्या झाकणाची नळी. तिच्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. रक्त नऊ भाग आणि सायट्रेट एक भाग, हे प्रमाण मोडलं की सगळं मोडलं. शीर सापडली नाही, घाई झाली, २.७ ऐवजी दोनच मिली रक्त आलं आणि नळी तशीच पुढे पाठवली, तर सायट्रेट जास्त होतं, आणि रिपोर्टमध्ये पेशंटचं रक्त उशिरा गोठतंय असं दिसतं जेव्हा त्याला काहीही झालेलं नसतं. उलट रक्तच घट्ट असेल, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) ५५ च्या वर, जसं जन्मजात हृदयदोषाने निळसर पडणाऱ्या मुलांत असतं, तर नळी खुणेपर्यंत भरूनही तोच घोटाळा होतो कारण प्लाझ्माच कमी असतो, अशा वेळी सायट्रेट कमी करून घ्यावं लागतं. टुर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) फार वेळ बांधून ठेवला, सुई फार बारीक घेतली, नळी हळू उलटी करण्याऐवजी खडखडवली, प्रत्येकाचा परिणाम शेवटच्या आकड्यात उतरतो.

मग वाहतूक. वाळपईहून बांबोळीला सॅम्पल आणायचं असेल तर सवयीने लोक बर्फाच्या पॅकवर ठेवतात, मासळीसारखं. असं करायचं नाही. थंडीने प्लेटलेट्स आकार बदलून जाग्या होतात, फॅक्टर ७ सुद्धा थंडीत ॲक्टिव्हेट होऊ शकतो (रक्त गोठवणाऱ्या त्या प्रोटीन्सना फॅक्टर म्हणतात आणि नंबर देतात). सॅम्पल १८ ते २५ डिग्रीला, चार तासांच्या आत, आणि मे महिन्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतही नाही, थर्मोकोलच्या डब्यात उभं ठेवून, हादरे न देता. प्लाझ्मा साठवायचा असेल तर दोनदा सेंट्रिफ्यूज करा, प्लेटलेट्स मायक्रोलिटरला दहा हजारांच्या खाली आल्या पाहिजेत, मग उणे ७० डिग्रीला. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जाते हे सगळ्यांना माहितीये, तर डीप फ्रीझरला जनरेटरची लाईन आहे की नाही हे प्रोजेक्ट सुरू करण्याआधी विचारा, नाहीतर वर्षभर जमवलेला प्लाझ्मा एका रात्रीत जातो. काढताना पण ३७ डिग्रीच्या पाण्यात पाचेक मिनिटांत वितळवायचा, टेबलावर हळूहळू वितळू दिला तर फायब्रिनोजेन आणि फॅक्टर ८ खाली साका होऊन बसतात आणि तुम्हाला खोटंच कमी दिसतात.

आता मशीन सगळं करते हे खरं आहे, तरीही प्रोथ्रोम्बिन टाइम, म्हणजे प्लाझ्मा किती सेकंदांत गोठतो ती टेस्ट, एकदा तरी हाताने करून बघा, हे माझं अगदी आग्रहाचं सांगणं आहे. ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये काचेची छोटी नळी, तिच्यात ०.१ मिली प्लाझ्मा, दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्यायचा. मग ०.२ मिली थ्रोम्बोप्लास्टिन-कॅल्शियमचा रिएजंट पटकन सोडायचा आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच दाबायचं. नळी उजेडासमोर धरून तिरकी करत राहायची. आठ सेकंद, नऊ, दहा, नुसतं पिवळसर पाणी इकडून तिकडे वाहतंय, आणि मग अकरा-बारा-तेराच्या आसपास एकदम काहीतरी अडतं, बारीक धागा दिसतो, आणि पुढच्या तिरक्यात ते वाहतच नाही, जेली झालेली असते. तो धागा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की मग पुढे ग्राफवर एखादा वेडावाकडा आकडा आला तर तुम्ही आधी नळीवर संशय घ्यायला शिकता, पेशंटवर नाही.

तसंच प्लेटलेट्सचं. हलक्या स्पिनने वेगळा केलेला प्लेटलेटवाला प्लाझ्मा खिडकीसमोर धरून हळूच फिरवा. प्लेटलेट्स शांत असतील तर आत रेशमी लाटा चमकताना दिसतात, कारण त्या चपट्या असतात आणि उजेड परावर्तित करतात. हाताळणीत कुठे चूक झाली असेल तर प्लेटलेट्स गोल होऊन काटेरी झालेल्या असतात आणि ती चमक नसते, नुसतं गढूळ दिसतं. मग त्या प्लेटलेट्सवर ॲग्रिगोमीटर (प्लेटलेट्स किती चिकटतात ते मोजायचं मशीन) चालवण्यात अर्थ नाही. ते मशीन गुस्ताव बॉर्न ह्यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या साध्या तत्त्वावर चालतं, एडीपी किंवा कोलॅजेन टाकलं की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, प्लाझ्मा स्वच्छ होत जातो, आणि आरपार जाणारा प्रकाश वाढतो. डोनरने गेल्या दहा दिवसांत डोकेदुखीवर ॲस्पिरिन घेतली होती का हे विचारायला विसरलात तर सगळा दिवस फुकट.

प्रश्न कुठून आणायचा

टेक्निक बसली की प्रश्न. मुलं इंटरनेटवरून परदेशी पेपर बघून प्रश्न उचलतात, आणि मग तसली मशीनं इथे नाहीत म्हणून निराश होतात. मला वाटतं प्रश्न वॉर्डातून उचलावा. ह्या फील्डचा इतिहासच तसा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत जॉन हेजमन नावाच्या रेल्वे कामगाराचं रक्त नळीत गोठायला भलताच वेळ लागायचा, पण त्याला रक्तस्रावाचा काहीच त्रास नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ ह्यांनी तो रिपोर्ट लॅबची चूक म्हणून बाजूला टाकला नाही, त्यातून हेजमनच्या रक्तात नसलेला फॅक्टर १२ सापडला. पुढे १९६४ मध्ये रॅटनॉफ आणि डेव्ही ह्यांनी, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन ह्यांनी वेगळेपणाने, हे फॅक्टर एकामागून एक कसे जागे होतात त्याची साखळी मांडली. आणि हेजमन १९६८ मध्ये वारले ते फुप्फुसातल्या गुठळीने, म्हणजे फॅक्टर १२ नसूनही गुठळी झालीच. नळीत आणि माणसात एकच गोष्ट घडत नाही हे ह्या एका पेशंटने शिकवलं. हाच धागा पुढे नेऊन त्याच साखळीतला फॅक्टर ११ अडवणारी औषधं आज मोठ्या ट्रायलमध्ये आहेत, रक्तस्राव न वाढवता गुठळी थांबवता येईल ह्या आशेने. सगळंच सरळ जात नाहीये, २०२३ मध्ये असुंडेक्सियन ह्या अशाच औषधाची एट्रियल फिब्रिलेशनमधली (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजारातली) ट्रायल थांबवावी लागली कारण स्ट्रोक टाळण्यात ते अपिक्साबॅन ह्या आधीपासूनच्या औषधापेक्षा कमी पडलं. अशा बातम्या नीट वाचत जा, कारण पुढचा प्रश्न तिथेच असतो.

आणि वय लहान आहे, आपण काय शोधणार असं वाटत असेल तर हेपरिनची सुरुवात आठवा, १९१६ मध्ये जे मॅक्लीन हा मेडिकलचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि त्याला न गोठवणारा सापडला.

इथले प्रश्न सांगते. इंटरहार्ट ह्या ५२ देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी आला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. का, ह्याचं उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही. बऱ्यापैकी भाग तंबाखू, शुगर, कोलेस्टेरॉल, पोट ह्यांनी समजतो, पण गुठळी होण्याच्या बाजूने आपण कमी बघितलंय. क्लोपिडोग्रेल लिव्हरमध्ये सीवायपी२सी१९ ह्या एन्झाइमने बदलल्यावरच काम करतं, आणि हे एन्झाइम कमी काम करणारा जीनचा प्रकार आपल्याकडे बऱ्याच लोकांत असतो, तर स्टेंट टाकलेल्या गोव्यातल्या पेशंटमध्ये प्लेटलेट्स खरंच किती दबतात हे एका साध्या ॲग्रिगोमीटरवर मोजता येईल. गोव्यात स्टेमी (धमनी पूर्ण बंद पडून येणारा मोठा हार्ट अटॅक) प्रोजेक्टमुळे छोट्या सेंटरवर ईसीजी काढून जीएमसीच्या कार्डिओलॉजिस्टना पाठवतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग पेशंट बांबोळीला हलवतात, म्हणजे दुखायला लागल्यापासून इंजेक्शनपर्यंत किती मिनिटं गेली आणि नंतर धमनी उघडली का, असे प्रश्न अशा राज्यात विचारता येतात, कारण अंतरं लहान आहेत आणि पेशंट शेवटी एकाच ठिकाणी येतात.

माझा आवडता प्रश्न अजून कुणी घेतलेला मी पाहिला नाही. हृदयात मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवलेले पेशंट आयुष्यभर ॲसिट्रोम किंवा वॉरफेरिन घेतात, ही औषधं व्हिटॅमिन के च्या विरोधात काम करतात, आणि पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर. आपल्याकडे पाऊस सुरू झाला की तायकिळा, तेरं, तांबडी भाजी रोज ताटात येते, आणि नंतर कमी होते. तर ह्या पेशंटांचा आयएनआर (प्रोथ्रोम्बिन टाइमवरून काढलेला, औषधाने रक्त किती उशिरा गोठतंय ते सांगणारा आकडा) जून-जुलैत खाली येतो का आणि परत कधी चढतो? रजिस्टर, डाएटची डायरी आणि दर महिन्याचा आयएनआर, एवढ्यावर एमएस्सीचा सुंदर प्रोजेक्ट होतो. (पेशंटांना सांगायचं ते नेहमीचंच, भाजी बंद करू नका, रोज साधारण सारखी खा आणि टेस्ट चुकवू नका, गोळीचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.)

पेशंटकडून रक्त घ्यायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी, एकही नळी त्याच्या अगोदर नाही. संमतीपत्र इंग्रजीत लिहून सही घेऊ नका. डिचोली-सत्तरी-पेडण्याकडे मराठी चालतं, सासष्टीतल्या वयस्कर माणसांना बऱ्याचदा रोमी लिपीतली कोकणी वाचता येते, देवनागरी नाही. आणि कागद दिला तरी शेजारी बसून कोकणीतून समजावा, किती चमचे रक्त काढणार ते दाखवा. ज्या मुलीला पेशंटशी नीट बोलता येतं तिच्या अभ्यासात फॉलोअपला माणसं परत येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

बाहेर कधी जायचं

पीएचडीला बाहेर जावं असं माझं मत आहे, आणि परत यावं असंही. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी इन्स्टिट्यूट आहे, हिमोफिलिया (जन्मजात रक्त नीट न गोठण्याचा आजार) आणि प्लेटलेटच्या आनुवंशिक आजारांवर तिथे अनेक वर्षांचं काम आहे. वेल्लोरच्या सीएमसीने हिमोफिलिया ए वर जीन थेरपी करून दाखवली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रामध्ये भारतीय हार्ट व्हॉल्व्ह तयार झाला, पृष्ठभागावर रक्त गोठू नये म्हणून काय करायचं हे शिकायचं तर तीच जागा. हैदराबादच्या सीसीएमबीच्या टीमने २००९ मध्ये दाखवलं की एमवायबीपीसी३ जीनमधला २५ अक्षरं गळालेला एक प्रकार सुमारे चार टक्के भारतीयांत आहे आणि त्याने हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा धोका वाढतो, जेनेटिक्सवाल्यांनी तिकडे बघावं. घरी पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर युरोपातल्या लॅबला व्हिसाची कटकट नाही, नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये तर १९९४ साली फॅक्टर ५ मधला तो प्रसिद्ध बदल सापडला, आजही त्या गावाच्या नावाने ओळखतात.

पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, त्या वेळात बरोबरीचे लोक सरकारी नोकरीत स्थिर होतात, गाडी घेतात, आणि घरात लग्नाचा विषय निघतो. आई-बाबांना लपवून काही होत नाही, स्टायपेंड किती, किती वर्षं, नंतर काय काय पर्याय आहेत (कॉलेज, हॉस्पिटल लॅब, फार्मा, डायग्नोस्टिक कंपन्या, क्लिनिकल ट्रायल) हे कागदावर मांडून बसून बोला. गोव्यात फार्मा कंपन्या भरपूर आहेत त्यामुळे परतायचा रस्ता बंद होत नाही.

पहिला ईमेल

गाईडला ईमेल लिहाल तेव्हा "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग" असलं काही नको. त्यांचा अलीकडचा एक पेपर पूर्ण वाचा, त्यातली एक गोष्ट जी तुम्हाला कळली नाही ती विचारा, तुम्ही हाताने काय काय केलंय ते तीन ओळींत सांगा (प्रोथ्रोम्बिन टाइम हाताने केलाय हे जरूर लिहा, वाचणारा थांबतो), किती महिने येऊ शकता ते लिहा आणि एका पानाचा सीव्ही जोडा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या गाईडकडे वळा. मधल्या काळात आर (R) ह्या सॉफ्टवेअरमध्ये साधं स्टॅटिस्टिक्स शिका. आणि हेपटायटिस बी ची लस आजच सुरू करा, शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात, म्हणजे आत्ता घेतलात तरी पूर्ण व्हायला अर्धं वर्ष जातं, आणि लस घेतल्याशिवाय कुठलीही नीट चालणारी लॅब तुम्हाला रक्ताला हात लावू देणार नाही.